तुळसक्का आणि कारखान्याचं दार

जोयड्याच्या हायस्कुलात बदली होऊन मी तुळसक्काच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली, त्या दिवशी तिनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सामान घेऊन आलेल्या टेंपोवाल्याकडं ती थेट गेली आणि म्हणाली, "जेवलास काय?" त्याला रामनगरला परतायची घाई होती, म्हणून तो जेवलो म्हणाला. तुळसक्का टेंपोच्या पुढं जाऊन उभी राहिली. शेवटी बिचारा खाली उतरला, ओटीवर बसून त्यानं तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली, आणि मग कुठं तिला मी दिसलो. भाड्याचं बोलायच्या आधी तिनं मला बजावलं, की दुसऱ्याच्या राबण्यावर बसून राहायची सवय असेल तर खोली मिळणार नाही. मी गणिताचा मास्तर, बसून राहणं हाच माझा स्वभाव. तरी खोली मिळाली.

आमची वाडी नंदिगड्ड्याच्या वाटेवर, रानाच्या कडेला. मोजकी घरं, भाताची खाचरं आणि पलीकडं फॉरेस्टची हद्द. तुळसक्का साठी ओलांडलेली, उंच, अंगावर मांस नसलेली, आणि पायाला भिंगरी. तिच्याशी बोलायचं तर तिच्या मागून चालावं लागे. बोलणं चुलीपाशी सुरू व्हायचं, गोठ्यात त्याला रंग चढायचा आणि शेवट ऐकायला बांधापर्यंत जावं लागायचं. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. माहेर जुन्या सुप्यातलं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. कुणी माहेरचं विचारलं तर म्हणायची, "हाय की, मासे राखत्यात," आणि पुढच्या कामाला लागायची. त्या उत्तरावर हसावं की नाही हे मला कधीच ठरवता आलं नाही.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. आणि ज्याच्या खाचरात माणसं राबायला आली त्यानं त्यांना आधी खाऊ घालायचं, हा नियम. तो सगळेच पाळतात. तुळसक्काची गंमत एवढीच, की तिला हा नियम बांधापाशी थांबवता येत नव्हता. तिच्यासाठी कुणी हात हलवला, की तो सावडीला आलेला. पोस्टमन आला तरी सावड, खांबावर वायरमन चढला तरी सावड. "राबनाऱ्याची भूक ज्याचं काम त्याच्या दारात येऊन बसतीय," असं ती म्हणे, आणि तिच्या तोंडून ते धमकीसारखं वाटे.

वाडीतल्या गावकराच्या मुलीच्या लग्नात या नियमानं मोठीच धमाल उडवली. वऱ्हाड उतरलं होतं, फराळाची पंगत मांडली होती. तुळसक्का आपली मांडवाच्या मागं गेली आणि वाजंत्र्यांना विचारून आली. पहाटे गावाहून निघालेली ती माणसं, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तिनं त्यांना उठवलं आणि मानाच्या पाटांवर नेऊन बसवलं. वरपक्षाची मंडळी धुतलेले हात झटकत उभी. तेवढ्यात मुहूर्त भरला, भटजी "वाजवा" म्हणाले, आणि वाजवणार कोण? सनईवाल्याचं तोंड शिऱ्यानं भरलेलं. शेवटी नवऱ्यामुलाच्या मामानं पातेल्यावर झारा बडवला आणि अक्षता पडल्या. मामा त्यानंतर तुळसक्काशी बोलेनासा झाला. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिची दुसरी खोड म्हणजे कुठलीही वस्तू उलटी करून बघणं. घागर असो, सूप असो, बाजारातलं पातळ असो, आधी तळ आणि मागची बाजू. "वरनं समदंच साजरं दिसतंय," म्हणायची. माझा एक निळा शर्ट अंगणात वाळत होता, जोयड्यातल्या शिवाप्पाच्या कापडदुकानातून घेतलेला. जाता-येता तिनं तोही उलटा करून शिवण चाचपायला घेतली. त्या वेळी तिची रेणुका लावणीनंतर सुट्टीला घरी आली होती. रेणुका म्हणजे तुळसक्काच्या बहिणीची मुलगी. आई गेल्यावर तुळसक्कानंच तिला वाढवलं, दहावी केलं, आणि मग ती बेंगळूरकडं गारमेंटला लागली. तयार कपड्यांच्या कारखान्याला आमच्याकडं गारमेंटच म्हणतात. आमच्या तालुक्यातल्या पुष्कळ मुली तशा जातात.

रेणुका शर्टाजवळ आली, कॉलर बोटांत धरली आणि म्हणाली, "ह्यो आमच्यातला. कॉलर मीच लावतो."

मला मोठी मौज वाटली. मग रेणुका ओटीच्या पायरीवर बसली आणि कारखान्यातली एक गंमत म्हणून जी गोष्ट सांगू लागली ती अशी: मुली मध्येच बाहेर जाऊ नयेत आणि कापड बाहेर जाऊ नये म्हणून मागच्या दाराला साखळी-कुलूप असतं. किल्ली सुपरवायझरकडं. एकदा इस्त्रीच्या टेबलांवरची वायर जळाली आणि धूर कोंडला. सगळ्या मुली दाराकडं धावल्या. सुपरवायझर बाहेर चहाला गेलेला. एक जाडी मुलगी खिडकीत अडकली, तिला ढकलायला चौघी-पाचजणी. रेणुका त्या मुलीची नक्कल करून दाखवत होती. धूर आपोआप निवळला, कुणाला काही झालं नाही, आणि बुडालेलं टारगेट संध्याकाळी जास्त बसवून भरून घेतलं. मी पोट धरून हसलो. तुळसक्काच्या हातात शर्ट तसाच होता.

"आता उगडं असतंय काय ते दार?" तिनं विचारलं.

"साकळी हाय की अजून," रेणुका म्हणाली. "सवय झाली."

रेणुका सुट्टी संपवून परत गेली आणि तुळसक्काची झोप उडाली. ती दळण अर्धं टाकून उठायची आणि परसात येरझाऱ्या घालायची. माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारायची, "मास्तर, येवढ्या घरात धूर भरायला किती येळ लागंल?" गणिताच्या मास्तराला हे यावं अशी तिची समजूत. एक दिवस तिनं आपल्या घराच्या मागच्या दाराची कडी कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्यानं उखडून टाकली. त्या दारातून यायला रान मोकळं झालं आणि माझ्या अंथरुणावर वाडीतलं एक कुत्रं झोपायला येऊ लागलं. मी तक्रार केली नाही. त्या दिवसांत तिच्याकडं तक्रार करायचं धाडस माझ्यात नव्हतं. तिची पोर त्या साखळीच्या आत रोज सकाळी जात होती, आणि ही इथं खाचराच्या बांधावर.

मग तिनं पहिलं पाऊल उचललं, आणि ते चुकलं. देवळापुढं वाडी जमली असताना तिनं धुराची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, की त्या कंपनीचा शर्ट कुणी घ्यायचा नाही. यात गैर काही नव्हतं. पण आमच्या मुलखात 'घ्यायचं नाही' याची जुनी रीत एकच, वाळीत टाकणं. कायद्यानं तो गुन्हा आहे आणि सभेत विचाराल तर वाळीत म्हणजे काय हेही कुणाला ठाऊक नसतं. पण ते हाडांत मुरलेलं. शर्ट राहिला बाजूला आणि शिवाप्पाच वाळीत पडला. कुणी त्याच्या दुकानात रुमाल घ्यायला चढेना. त्यानं नमस्कार केला की लोक झाडांवरची माकडं बघत. आजूबाजूच्या वाड्यांनाही लागण झाली. शिवाप्पा हावेरीकडचा, साधा माणूस, शाळेच्या पोरींना बटनं फुकट देणारा. मला रस्त्यात गाठून केविलवाणा होऊन विचारी, "एनायतु सर?" म्हणजे काय झालं हो? त्याला काय झालंय हे सांगायलाही कुणी तयार नव्हतं.

अखेर त्याला कारण कळलं आणि तो चिडला. हुबळीच्या ज्या एजंटाकडून तो माल आणत होता त्याला त्यानं फोन केला, की घेऊन जा तुझा शर्ट, आमच्या तालुक्यातली एक पोर तिथं काम करते, ती सांगते की तुम्ही दारं बंद करून शिवून घेता. एजंट कारखान्यातला उरलेला माल थेट उचलायचा. त्यानं ते वाक्य जसंच्या तसं कारखान्यात पोचवलं. तिथं जोयड्याकडची पोर एकच होती.

वाडीत फोनला रेंज नाही. बसथांब्याच्या वर देवाचा माळ आहे, तिथं मिळते. रविवारी तुळसक्का रेणुकाच्या फोनसाठी तिथं चढायची. त्या रविवारी मीही माझ्या घरी बोलायला वर गेलो होतो. तुळसक्काच्या फोनचा आवाज सगळ्या माळाला ऐकू जाई.

"कुनाला इचारून केलंस गे अक्का?" रेणुका म्हणत होती. "मला इचारलंस? मशिनीवरनं उटवून धागे कापायला बसवलंय मला. आनि दार हाय तसंच हाय."

तुळसक्का फोन घेऊन फेऱ्या मारू लागली.

"तुला माजी काळजी न्हाई. तुला तुजा जीव हलका करायचा हुता."

फोन बंद झाला. तुळसक्का माळ उतरू लागली. इतक्या वेगानं, की मला वाटलं ही आता पडते. ती घरी गेलीच नाही. समोरून आलेल्या बसला हात करून तशीच जोयड्याला गेली. पुढचं मला शिवाप्पानं सांगितलं. ती दुकानात आली, चार गिऱ्हाइकं होती त्यांच्यासमोर म्हणाली, की माझं चुकलं. तू शिवलं नाहीस, तू साखळी घातली नाहीस, आणि भोगतोयस तू. शिवाप्पानं चहा मागवला. तो तिनं उभ्यानंच पिऊन टाकला. वाडीला तिचं हे माफी मागणं मुळीच आवडलं नाही. सगळ्यांचं नाक कापलं असं लोक म्हणाले. पण थोरली बाईच दुकानात गेली म्हटल्यावर हळूहळू बाकीचेही दुकानाची पायरी चढू लागले.

पुढच्या रविवारी तिनं रेणुकाला एवढंच विचारलं, की तुम्हा पोरींना काय पाहिजे ते तुम्हीच सांगा, तेवढंच करतो. रेणुकानं उत्तर दिलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्या काळात तुळसक्का अशी काही तळमळत होती, की मला शाळेतून घरी यायला नको वाटे. मग एकदाचं उत्तर आलं. होस्टेलवर एकमेकींच्या वेण्या घालता घालता मुलींनी बोलून ठरवलं होतं. माल घ्यायचं थांबवू नका, माल खपला नाही तर आधी आम्हीच घरी जातो. कारखान्याचा मालक कुणाचं ऐकत नाही, पण कॉलरवर जिचं नाव आहे त्या कंपनीचं ऐकतो. त्या कंपनीला विचारा. एकट्यानं नको, पुष्कळांनी विचारा, थांबू नका, आणि सगळ्यांनी एकच विचारा, की कपडे शिवताना दार उघडं असतं का. आणि ही गोष्ट कुठल्या पोरीनं सांगितली हे कुणी तोंडातून काढू नका. गिऱ्हाईक म्हणून विचारा.

शर्टाला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर तक्रारीसाठी फोन नंबर असतो. तो आयुष्यभर आम्ही सगळ्यांनी तोडून फेकून दिलेला. आता वाडीनं तो जपून ठेवला. भात पोटरीला येऊन लोंब्या धरू लागलं की रानडुकरांच्या राखणीला आमच्याकडं आळीपाळीनं घरं लागतात. आज ह्यांचं घर, उद्या त्यांचं. तुळसक्कानं तीच रीत लावली. रोज एका घरानं माळावर चढायचं आणि फोन करायचा. डुकरं राखली, आता कंपनी राखायची, म्हणून लोक हसले. पण राखण चुकवणं ही आमच्याकडं मोठी नामुष्की, त्यामुळं गेले सगळे.

फोनवर बाई गोड आवाजात कन्नडातून विचारायची, शर्टाचा साइज चुकला का? रंग गेला का? बटन तुटलं का? आमचा माणूस म्हणायचा, शर्ट झकास आहे, शिवणारीच्या मागचं दार उघडं आहे का तेवढं सांगा. असली तक्रार त्यांच्याकडच्या यादीत नव्हती. मग ती बाई 'इतर'मध्ये टाकते म्हणायची. आमच्या तालुक्यातून 'इतर' एवढं वाढलं, की त्यांना वाटलं असेल जोयड्याला काहीतरी साथ आली आहे. शिवाप्पानंही एक दिवस मागून घेतला. दुकानदार म्हणून त्याचा शब्द जड, आणि त्यानं तो झोकात वापरला. गावकरानं मात्र पहिल्या वेळी घाबरून साइज चुकला म्हणून सांगितलं आणि खाली येऊन सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

तुळसक्काच्या दिवशी वेगळंच झालं. समोरच्या मुलीचा आवाज तिला दमलेला वाटला. हिनं दार राहिलं बाजूला, तिलाच विचारलं, जेवलीस काय गे? मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, की ठरलेले फोन झाल्याशिवाय उठता येत नाही. "मग जेव जा. मी उद्या करतो," म्हणून तुळसक्का फोन ठेवायला लागली, तेव्हा ती मुलगी घाईनं म्हणाली, "अज्जी, 'इतर' म्हणू नका. कामगारांच्या जिवाला धोका आहे अशी तक्रार आहे म्हणा. मग ती आम्हाला वर पाठवावीच लागते." एका दिवसाची राखण फुकट घालवली म्हणून वाडी तुळसक्कावर खवळली होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळे तेच वाक्य म्हणू लागले. म्हाताऱ्या गावकरणीला ते पाठ होईना, तिला मी शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणवून घेतलं.

मग एक दिवस कंपनीचा कुणी साहेब फोनवर आला. फार अदबीनं बोलला. आपण एवढे प्रेमळ ग्राहक आहात, तर आपल्या वाडीतल्या प्रत्येक घराला कंपनीकडून एक नवा शर्ट भेट. वाडी हरखली. मला वाटलं तुळसक्का आता आकाशपाताळ एक करणार. ती म्हणाली, "घ्या की. कापड चांगलं हाय." शर्ट आले, जोयड्याहून बसच्या टपावरून. दुसऱ्या दिवसापासून घराघरानं पुन्हा फोन लावला, शर्ट पोचला, अंगाला बरोबर बसला, लई उपकार झाले. आणि त्या दाराचं काय झालं?

भात कापणीला आलं तेव्हा रेणुकाचा फोन आला. कंपनीची माणसं कारखान्यात येऊन गेली होती, साखळी काढली होती, सुपरवायझर दाराजवळ एक खुर्ची टाकून मुलींकडं रागानं बघत बसत होता, पण दार उघडं होतं. "अक्का, वारं येतंय गे आत," रेणुका म्हणाली. तिला परत मशिनीवर घेतलं होतं. त्या दिवशी तुळसक्कानं सगळ्या वाडीला पायस केलं. मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्या एका दिवसापुरतं तिला चैन पडलं असावं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या पेरणीच्या आधीच त्या कंपनीनं आपलं काम त्या कारखान्यातून काढून घेतलं आणि दुसरीकडं कुठंतरी दिलं, लांब, जिथं आणखी स्वस्तात शिवून मिळत होतं. त्या कारखान्यातल्या शिलाईच्या लाइनी बंद झाल्या. रेणुका ट्रंक घेऊन घरी आली. आमच्या फोनांमुळं हे झालं का, की ते होणारच होतं, हे मला आजही ठाऊक नाही आणि कुणी सांगू शकेल असं वाटत नाही. वाडीनं मात्र निकाल देऊन टाकला: दार उघडलं आणि पोरगी बाहेर पडली.

रेणुका मावशीशी बोलेना. माझ्याशी बोले, म्हशीशी बोले, वाटेनं जाणाऱ्याशी बोले. तुळसक्का ताट वाढायची, ते उचलून ती पायरीवर जाऊन बसायची. बेळगावच्या एका गारमेंटमध्ये तिनं काम मागितलं होतं, तिथून निरोप येत नव्हता. दोघींवरही माझा जीव होता, आणि एकाच घरात दोघी भिंतीला पाठ लावल्यासारख्या राहत होत्या. कुणाची बाजू खोटी म्हणावी?

त्यातच शिवाप्पाकडं त्याच कंपनीचा नवा माल आला. त्यानं मुद्दाम निरोप धाडून तुळसक्काला बोलावलं. तिनं शर्ट उलटा केला. शिलाईजवळच्या पट्टीवर आता दुसऱ्याच गावाचं नाव होतं, दूर उत्तरेकडच्या कुठल्याशा. तिनं ते नाव माझ्याकडून वाचून घेतलं, तरी तिला ते नीट म्हणता येईना. त्या संध्याकाळी ती घरोघर गेली आणि राखण पुन्हा लावूया म्हणाली. कुणी हो म्हटलं नाही. गावकर सरळ म्हणाला, "आता तितं आपलं कोन हाय?" रेणुका चुलीपाशी होती, तिनं हे ऐकलं आणि हसली. ते हसू बरं नव्हतं.

गावकराला द्यायचं उत्तर तुळसक्काला सुचलं ते दुसऱ्या दिवशी बांधावर, आणि ऐकायला मी एकटाच होतो. "मास्तर, माज्या खाचरात कुनी येऊन भात लावून गेला, आनि मी त्याला वळकत न्हाई, म्हनून काय उपाशी धाडू?" मी काहीतरी बोलणार, तोवर ती पुढच्या बांधावर पोचली होती. त्या दिवसापासून ती रोज एकटीच माळावर चढू लागली. दुसऱ्या कुणाचा दिवस नव्हताच, सगळे दिवस तिचेच. गुडघे दुखायचे, मधल्या दगडावर हात टेकून ती थांबायची आणि स्वतःवरच वैतागायची.

माझी बदली खानापूरला झाली. निघायच्या दिवशी सकाळी सामान थांब्यावर आणून ठेवलं, बस उशिरा होती आणि तुळसक्का घरात नव्हती. निरोप घ्यायला म्हणून मी माळावर चढलो. ती फोन कानाला लावून उभी होती आणि तिची पंचाईत झाली होती. आज फोनवर कुणीतरी खरंच लिहून घ्यायला बसलं असावं, कारण पलीकडची बाई तिला विचारत होती, कुठलं दार? कितव्या मजल्यावरचं? आतून उघडतं की बाहेरून? तुळसक्कानं आयुष्यात कारखाना पाहिलेला नव्हता. "थांब गे, थांब जरा," असं म्हणत ती जागच्या जागी फिरत होती. दोनदा तिनं माझ्याकडं पाहिलं, पण मला तरी काय ठाऊक?

मागून रेणुका वर येत होती. भात निवून गेला, म्हणून ती मावशीला न्यायला आली होती, कपाळावर आठ्या. तिनं फोनवरचे ते प्रश्न ऐकले. मग पुढं झाली आणि हात पसरून म्हणाली, "आन हिकडं."

तिनं फोन घेतला आणि ती कन्नडातून भराभर बोलू लागली. किल्ली कुणाकडं असते ते आधी विचारा. तो माणूस चहाला गेला की किल्ली कुणाकडं असते ते विचारा. मशिनीवरून न विचारता उठता येतं का ते विचारा, आणि हे सुपरवायझरला विचारू नका, धागे कापणाऱ्या मुलींना विचारा, सुपरवायझर समोर नसताना. तुळसक्का तिच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली होती आणि तिचे ओठ रेणुकाच्या शब्दांबरोबर हलत होते.

खाली बसचा हॉर्न वाजला. मी हात वर केला, दोघींपैकी एकीनंही पाहिलं नाही. मी उतरायला लागलो तेव्हा पलीकडून तिला काहीतरी विचारलं असणार, कारण रेणुका क्षणभर थांबली.

"न्हाई," ती म्हणाली, आणि या वेळी मराठीतून, बहुतेक मावशीला ऐकू जावं म्हणून. "तितं आमचं कुनी न्हाई. तरी लिवून घ्या."